आठ खाचांची काठी

मेहुलीच्या गाडीत संत्री चढायची ती काठीच्या मापाने. वीतभर बांबूची ती काठी गावातल्या कॉफीच्या दुकानात, बुद्धिबळाच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली असे. गाडी दुकानासमोर सपाटीला उभी करायची. बागवाल्यांनी संत्री मागच्या भागात सुटीच ओतायची. गाडीला दोन धक्के देऊन चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसू द्यायचे आणि डाव्या मागच्या चाकावर काठी उभी धरून मडगार्डची कड कुठल्या खाचेला येते ते पाहायचं. उजव्या अंगाला गटार होतं, म्हणून कायम डावीकडेच. गाडी एक खाच खाली बसली की साठ किलो. आठ खाचा झाल्या की गाडी भरली.

एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. त्याआधी घाटाखालच्या काबानजाहे गावचा एक व्यापारी स्वतःचा काटा घेऊन यायचा. त्या काट्याला गावाने ठेवलेलं नाव चारचौघांत घेण्याजोगं नव्हतं. नवऱ्यामागे मेहुलीने ही चौकोनी जुनी गाडी घेतली, चौतिसाव्या वर्षी ती चालवायला शिकली आणि गावाला म्हणाली, "काटा माझा नको, तुमचाही नको. गाडी किती दबते ते सगळ्यांनी बघा." बुलांग मलेम तेव्हाही म्हातारेच होते. त्यांनी तांदळाची पोती चढवून काठीवर खाचा पाडल्या. सगळं गाव त्यांना बुलांग, म्हणजे आजोबा म्हणे. मेहुलीला मुलाच्या नावावरून नांदे इकुतेन म्हणत, इकुतेनची आई.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मेदान शहरातल्या बाजाराच्या काट्यावर तिचा माल कमी भरायला लागला. पहिल्या आठवड्यात तीस किलो. दुसऱ्यात पन्नास. तिसऱ्यात सत्तर. काठी तर दर वेळी आठव्या खाचेला लागलेली तिने स्वतः पाहिली होती. गाडीला धक्के देण्याचं काम बापा रास्केन, म्हणजे रास्केनचा बाप, करायचा. गावातली सर्वांत मोठी बाग त्याची, गाडीतली निम्मी संत्री त्याची. धक्का देताना हा माणूस खांद्याने गाडी दाबून धरतो की काय, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना.

चौथ्या मंगळवारी भरल्या दुकानात तिच्या तोंडून ते गेलंच.

"बापा रास्केन, आज धक्का दुसऱ्या कुणाला देऊ द्या."

"का? माझ्या हाताला काय झालं?"

"हाताचं नाही म्हणत मी. खांद्याचं म्हणतेय."

पटावरचे हात थांबले. बापा रास्केनने हातातला घोडा पुन्हा होता तिथे ठेवला.

"एकोणीस वर्षं तुम्हाला माल दिला, नांदे इकुतेन. ही आजची गाडी घेऊन जा. पुढच्या मंगळवारी माझी संत्री काबानजाहेच्या काट्यावर जातील. तो चोर आहे, पण निदान मला चोर म्हणत नाही."

निम्मी संत्री गेली की बाकीचेही जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती गाडीत बसली.

घाटाच्या चौथ्या वळणावर मागून बंदुकीसारखा आवाज आला. गाडी डावीकडे कलली आणि टायर मडगार्डला घासू लागला. काबानजाहेपर्यंतचे अकरा किलोमीटर तिने दुसऱ्या गियरमध्ये काढले.

तंबार मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि शिट्टी वाजवली. "ताई, पाटे आहेत की पापड?"

माल दुसऱ्या गाडीने पुढे पाठवून तिने पाटे उतरवून घेतले. पाचांपैकी वरून दुसरा पाटा मधल्या बोल्टपाशी तुटला होता. तो भाग क्लॅम्पखाली दडलेला, बाहेरून दिसणं शक्य नव्हतं. तंबारने तुकडा उजेडात धरला.

"हे बघा. ही कड चकचकीत आहे, ती आज तुटली. पण हा पाऊण भाग गंजलाय. चीर महिनाभर जुनी आहे, रोज थोडी थोडी वाढत गेली."

"म्हणजे महिनाभर गाडी जास्त दबत होती?"

"डावीकडे, हो. वजन तेच, पण दबायची जास्त."

मेहुली टायरांच्या ढिगावर बसली. मग विचारलं, "एकच पाटा बदलला तर?"

"एकीकडे नवा जोर, एकीकडे थकलेला. गाडी लंगडेल. दोन्ही बाजू बदलू. पण नवे पाटे कडक असतात, आधीइतके दबणार नाहीत."

शेवटचं वाक्य घाट चढताना तिच्या कानात राहिलं. नव्या पाट्यांवर आठव्या खाचेपर्यंत यायला गाडीत पाचशेच्या वर संत्री लागणार होती, आणि गाव पैसे चारशे ऐंशी किलोचेच घेणार होतं. गेलेलं सगळं दोन-तीन फेऱ्यांत भरून आलं असतं. कुणाला पत्ताही लागला नसता.

दुसऱ्या दिवशी तिने तुटका पाटा आणून बुद्धिबळाच्या टेबलावर ठेवला. दोन प्यादी लवंडली.

"बापा रास्केन, तुमचा खांदा नव्हता. हा होता. मी चुकले. चारचौघांत बोलले, म्हणून माफीही चारचौघांतच मागते."

बापा रास्केनने गंजावरून बोट फिरवलं. मग तो दाराशी जाऊन उभा राहिला.

"आणखी एक. गाडीला नवे पाटे घातलेत, ते कमी दबतात. ही काठी आता माझ्या बाजूने खोटं बोलेल. नवी पाडा."

"तांदळाची पोती कुठायत आता?" बुलांग मलेम म्हणाले. "सगळे किलोकिलोने विकत आणतात."

बाळांची आणि गरोदर बायांची वजनं घ्यायला नर्सबाई महिन्यातून एकदा येत. त्या नेमक्या त्या दिवशी समोरच्या सभागृहात होत्या. संत्र्यांच्या टोपल्या काट्यावर ठेवू द्यायला त्यांनी साफ नकार दिला. "माणसं आणा," म्हणाल्या.

माणसं दुकानात बसलेलीच होती. बागेतून परतणाऱ्या बायकांनी एकेकाला पटावरून उठवलं.

"चला, वीस वर्षं बसून काढलीत, आता गाडीत बसा. तेवढंच काम आहे."

"डाव अर्धा राहिलाय गं!"

"पट इथेच ठेवा. त्याचंही वजन होईल."

जो साठाला कमी भरला त्याच्या हातात दगड दिला, बरोब्बर साठ होईपर्यंत. चौऱ्याहत्तर किलोच्या दुकानदाराला परत पाठवलं, तर तो रागावून कॉफी पीत बसला. एकेक माणूस मांडीवर दगड घेऊन गाडीत चढला, दर वेळी दोन धक्के बसले, आणि बुलांगनी नव्या बांबूवर चाकूने खूण केली. सातवी खाच झाल्यावर साठ किलोच्या आतलं कुणी उरलं नाही.

बापा रास्केन आतापर्यंत दारातच उभा होता. सभागृहात जाऊन तो काट्यावर चढला. अठ्ठावन्न.

"दगड द्या," तो म्हणाला आणि गाडीत चढला. "नांदे इकुतेन, धक्का तुम्ही द्या. खांदा जपून."

आतली सातही माणसं हसली आणि गाडी हलली. बुलांग ओरडले, "गप्प बसा रे, खाच वाकडी होईल!"

नवी काठी खिळ्याला लागली. तुटका पाटा बुद्धिबळाच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेला. पाटे थकलेत का ते कळावं म्हणून आता दर महिन्याला रिकाम्या गाडीलाही काठी लावायची, असं ठरलं. एकोणीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी पहिली टोपली बापा रास्केनने ओतली. शेवटी चाकापाशी उकिडवं बसून त्याने काठी लावली, एक डोळा मिटून पाहिलं.

"भरत आलीय," तो म्हणाला. "अजून एक टोपली मावते."