माझ्याच अक्षरात ‘निर्वंश’

मोठे आप्पा गेल्याचं मला उमरग्यात शाळेच्या फाटकापाशी कळलं. आप्पांचा मुलगा, माझा चुलतभाऊ शिवराज मोटारसायकलवरून आला होता. “अक्का, आप्पा गेले. चल,” एवढंच तो म्हणाला. मी पहिला प्रश्न विचारला, “वही कुठाय?” तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. सख्खा चुलता गेलाय आणि ही वही विचारते... पण मला रडू आलं नाही, महिना उलटून गेला तरी आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं अशी रीत आहे. ज्यांना पाळायची त्यांनी ती खुशाल पाळावी. आप्पांनी मला घराण्याचा इतिहास शोधायला शिकवलं आणि त्याच इतिहासातून माझ्या आईला, आमच्या अव्वाला, हाकलून दिलं. माझा राग त्यांच्याबरोबर मातीत गेलेला नाही.

आप्पा गावच्या सोसायटीचे चेअरमन. कडक इस्त्रीची टोपी, खिशाला दोन पेनं. तालुक्याचा कुणी साहेब आला की आमच्या ओसरीवर फराळ ठरलेला. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्यांच्या डोक्यात घराण्याची वंशावळ लिहायचं शिरलं. माझं अक्षर चांगलं, कॉलेजला सुट्टी, म्हणून लेखनिक मी. उन्हातान्हात एस्टीनं ते मला गावोगाव घेऊन हिंडले. खरं सांगते, ते काम त्यांच्याइतकं चोख कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. आधी सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडं जायचं, कारण ते आपली वाट बघत बसत नाही. कुणालाही साल विचारायचं नाही, साल कुणाच्या लक्षात नसतं. “रझाकाराच्या आधी का मागनं? तवा थोरली पोर चालत हुती का पाळण्यात?” असं विचारायचं, की म्हातारीला सगळं बरोब्बर आठवायचं. तहसिलातले निजामाच्या वेळचे उर्दू कागद एका म्हाताऱ्या अर्जनविसाकडून वाचून घ्यायचे. आणि प्रत्येक वाक्यापुढं सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. “कुणी बघितलं ते लिव्ह. ऐकीव असंल तर ऐकीव म्हणून लिव्ह,” हे ते मला दिवसातून दहादा बजावायचे. मी भारावून गेले होते. लहानपणीच वडील गेलेल्या मुलीला असं बोट धरून शिकवणारं माणूस मिळालं, तर ती भारावणारच.

अव्वाचं मात्र त्यांना वावडं होतं. दुष्काळात घरातली ज्वारी संपली, तेव्हा ती सरकारी कामावर खडी फोडायला गेली. तिथं मजुरांना सुकडी, म्हणजे गोडसर भरड पीठ, खायला मिळायचं. चेअरमनच्या घरची सून! मुकादम हजेरीला आमच्या आडनावाचा मोठ्यानं पुकारा करायचा आणि अख्खं गाव ऐकायचं. आप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकाच घरात राहून, एकाच चुलीवरचं जेवून, त्यांनी तिला नजरेआड केलं. दुष्काळ संपला तसा हाही राग संपेल, असं मी धरून चालले होते.

मग सुगीत हेळवी आला. आमच्याकडं घराण्यांची नावं हेळवी सांभाळतो. नंदीवर बसून तो दारात येतो, त्याच्या वहीतल्या आमच्या पिढ्या म्हणून दाखवतो, नवी जन्ममृत्यूची नोंद करतो आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातो. त्या दिवशी तो म्हणत होता आणि मी आमच्या वहीत उतरवून घेत होते. माझ्या वडिलांच्या नावाशी तो थांबला. “पुढं, मालक?” आप्पा जराही न अडखळता म्हणाले, “निर्वंश.” बायकोचं नाव नाही, लेकीचं नाही. मी मान वर केली. आत अव्वा त्याच हेळव्यासाठी भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज बंद झाला... “ऐकू आलं न्हाय व्हय? लिव्ह की,” आप्पा माझ्यावर खेकसले. आणि मी लिहिलं. बापाच्या नावापुढं, धडधाकट लेकीनं, स्वतःच्या वळणदार अक्षरात! तेव्हा पेन का टाकून दिलं नाही, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल.

रात्रभर कुढून सकाळी मी त्यांना जाब विचारला. “पोरीचं नाव लावायची चाल न्हाय,” ते म्हणाले. चालीचं मी एक वेळ गिळलंही असतं. पण दुष्काळाच्या पानावर त्यांनी मला लिहायला सांगितलं, ‘या घराण्यानं गावाला धान्य वाटलं.’ मी विचारलं, “आप्पा, सांगणाऱ्याचं नाव काय लिहू? कुणी बघितलं?” त्यांनी माझ्या हातातली वही हिसकली. “उद्यापास्नं या खोलीत पाय ठिवायचा न्हाय.” पुढं नोकरी लागल्यावर मी अव्वाला उमरग्याला घेऊन आले. दर दिवाळीला मी त्यांच्यापुढं एकच मागणं ठेवायची, अव्वा जिवंत आहे तोवर ती ओळ खोडा. ते वर्तमानपत्र तोंडापुढं धरायचे.

ते गेल्यापासून अव्वा आणि मी गावच्या घरीच आहोत. तिसऱ्या आठवड्यात हेळवी पुन्हा दारात आला. त्यानं आप्पांची नोंद केली आणि माझ्या वडिलांच्या नावापुढचं वाचलं. “खोटं आहे ते,” मी म्हणाले. तो अवघडला. “घरचा कर्ता सांगंल ते आमी लिहितो, तायी.” आता कर्ता शिवराज. तो गप्प राहिला असता तर पुढच्या साऱ्या पिढ्यांनी तेच ऐकलं असतं. अव्वा दाराआड उभी होती. शिवराज खाली बघत बोलला, “म्या धा वर्साचा हुतो. काकू खडीवरनं सुकडी पदरात बांधून आणायची. आमी तिच्यावरच जगलाव. आप्पाबी खायाचे, दार लावून. खोडा ते. लेकीचं नाव लिवा, काकूचंबी लिवा.”

हेळव्यानं लिहिलं. मी आप्पांची वही काढली, निर्वंशावर आडवी रेघ मारली आणि दुष्काळाच्या पानावर सुकडीची हकीकत लिहायला घेतली. अव्वानं माझा हात धरला. “माझं नाव लागलं, बास झालं. त्यांनी खाल्लेलं नगं लिवू. मेल्या माणसाची अब्रू हाय.” मी तिचा हात बाजूला केला. ‘आप्पांनी सुकडी खाल्ली. सांगणारा : शिवराज, स्वतः पाहिलेलं.’ अव्वा म्हणाली, “आप्पावानीच झालीस.” असेन. शिकवलं त्यांनीच.

वही मी उमरग्याला नेणार नाही. आप्पांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीसमोरच्या टेबलावर, त्याच पानावर उघडी ठेवली आहे. भेटायला येणारा तिथंच बसतो, चहा होईपर्यंत वाचतो आणि उठतो. अव्वा जाऊन वही मिटून येते. मी जाऊन पुन्हा उघडते.