शुक्रवारचं कोमट पाणी

आखातातल्या मीना सलमान बंदराच्या वर्कशॉपात माझ्या शेजारी वेल्डिंग करणारा वसईचा एक ख्रिस्ती माणूस इतकं हळू बोलायचा, जणू नुकताच झोपेतून उठलाय. शुक्रवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून तो थेट हॉस्पिटलात जायचा. एकदा मीही गेलो.

अपघातात पाय गमावलेला रत्नागिरीचा एक गवंडी दोन दिवस उपाशी, भिंतीकडे तोंड करून पडला होता. माझ्या सोबत्यानं त्याचा उरलेला पाय कोमट पाण्यानं धुतला, नखं कापली. पडद्यातून पांढरं ऊन झिरपत होतं. बऱ्याच वेळानं गवंडी वळला. "भाई, भूक लागली."

परतताना मी विचारलं, "हे कशासाठी करतोस?"

"येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते. प्रार्थना मला नीट जमत नाही, हे जमतं."

पुढच्या शुक्रवारी पाण्याची बादली मी उचलली.