जोंधळ्यानं तोललेलं सागवान

आमच्या काष्टी गावातल्या घरात लाकडी जमीन असलेली खोली एकच. तिच्या फळ्या ठोकायला चार दिवस लागले आणि ठोकण्याआधी वाट बघण्यात अडीच महिने गेले. गावात यावर भरपूर हसून झालं. हसणाऱ्यांत मी आघाडीवर होते, म्हणून ही हकिकत सांगायची पाळीही माझीच.

सत्तर साल संपत आलं होतं. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुरुषांची जेवणं उरकली की चुलीपुढे शेजारी शेजारी ताटं घेऊन बसायचो. दिवसभर त्या माझ्याशी सासूसारख्या बोलत, जेवताना मात्र मैत्रिणीसारख्या. मग त्यांच्या गुडघ्यांना वातानं धरलं. गार जमिनीवर टेकल्या की उठवायला दोघं लागायची. नगरच्या डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केली. घोंगडी अंथरून पाहिली, पाट देऊन पाहिला, पण गारठा वर यायचाच. तेव्हापासून त्या बाजेवर बसून जेवत आणि मी चुलीपुढे एकटी. त्या त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत, त्यामुळे मला वाटायचं, याचं वाईट फक्त मलाच वाटतंय.

मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी, पुण्याला कुणाच्या तरी बंगल्यात लाकडी जमीन पाहिली होती. स्वयंपाकघराला लागून नवी खोली काढलेली होतीच. तिच्यात मुरमावर वासे आडवे टाकून वर सागवानी फळ्या ठोकायच्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्याबाईंना खाली, बायकांमध्ये बसवायचं, असं त्यांनी ठरवलं. नगरच्या वखारीतून ट्रक आला. पाठोपाठ मिस्तरी आले.

मिस्तरी साठीचे, काटकुळे, कानावर पेन्सिल. त्यांनी फळ्यांची खोलीतच थप्पी रचली, दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या ठेवल्या आणि हात झटकले.

"आता ऱ्हाऊ द्या."

"किती दिस?" मामंजींनी विचारलं.

"त्ये लाकूडच सांगंल. वखारीत पावसाळाभर पानी पिऊन आलंय, आन्ना. ह्या घराची हवा येगळी. हितली चुलीची धग, खिडकीचा वारा, समदं त्याच्या अंगवळनी पडू द्या. आज ठोकलं तर उन्हाळ्यात ह्या एवढाल्या फटी पडतील, आन् वैनींचा पाय अडकंल."

मग त्यांनी एका फळीचा वीतभर तुकडा कापून थप्पीच्या तळाशी ठेवला. दर बाजाराच्या दिवशी ते यायचे आणि पिशवीतून सोनाराकडे असतो तसला तराजू काढायचे. एका पारड्यात तो तुकडा, दुसऱ्यात एक ठरलेला गोटा आणि पारडी सारखी होईपर्यंत जोंधळ्याचे दाणे. दाणे कमी लागले, की तेवढं पाणी उडालं. लागोपाठ दोन बाजार दाणे सारखेच भरले, की लाकूड घराचं झालं. पहिल्यांदा नव्वद दाणे लागले, मग साठ, बेचाळीस, चौतीस, तीस.

"मिस्तरी, एवढे दाणे मोजण्यापेक्षा त्याला भाकरीच करून घालते," मी म्हणायचे. ते हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

सहाव्या बाजारी एकाहत्तर दाणे भरले.

त्यांनी पुन्हा मोजले. तेवढेच. पावसाचा थेंब नव्हता, ढगही नव्हता. ते खाली बसले, थप्पीखाली हात घातला, तळवा नाकाशी नेला. "हे कुनी सारवलं?"

त्याच आठवड्यात गोठ्याच्या भिंतीवर मला वाळवीची माती दिसली होती. एवढं महागाचं लाकूड, त्याला वाळवी लागली तर? म्हणून मी शेणानं ती खोली तीनदा सारवली होती, चांगली जाड, पार थप्पीखाली हात घालून. कुणाला बोलले नव्हते, पण लपवलंही नव्हतं. सारवलेलं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, सारवायचं राहिलं तर मात्र घरभर दिसतं.

"मी," म्हणाले. "वाळवी लागू नये म्हणून."

मामंजी कडाडले, "अक्कल हाय का? संक्रांत चार दिसांवर आली!"

मिस्तरींनी हात वर केला. "तिला कशापायी बोलता? चूक माझी हाय. तुमाला सांगितलं, तुमच्या लेकाला सांगितलं, गड्यालाबी सांगितलं, का लाकडाला वल लागू दिऊ नका. ह्या घरात जिमिनीला रोज जिचा हात लागतो, तिला तेवढं सांगितलं न्हाई."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानंतर मी हुशार कारागीर पुष्कळ पाहिले. आपल्या कामावर पाणी पडलेलं दिसत असताना असं बोलणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

"आता ठोकून टाका, जे व्हईल ते व्हईल," मामंजी म्हणाले.

मिस्तरींनी दारातून आत, बाजेवरच्या आत्याबाईंकडे पाहिलं. "वैनी, जिमीन तुमच्यासाठी हाय. तुमीच सांगा."

"इतके दिस काढले," आत्याबाई म्हणाल्या, "अजून म्हैना काढीन. पर पोरीला बोलू नका."

जाताना मिस्तरींनी तराजू माझ्या हातात दिला. "आता तूच तोल, सूनबाई."

मी सारवण खरवडून काढलं, थप्पी विटांवर चढवायला लावली. एक खोली महिनाभर न सारवता ठेवायची म्हणजे माझ्या हातांना शिक्षाच होती. संक्रांत गेली, रथसप्तमी गेली, आत्याबाईंनी बाजेवरूनच बायकांना वाण दिलं. मी दर बाजारी दाणे मोजत होते आणि मध्ये कुणी बोललं तर खेकसत होते. पन्नास, अडतीस, एकतीस, सत्तावीस. पुढच्या बाजारी पुन्हा सत्तावीस. तीनदा मोजले आणि निरोप धाडला.

मिस्तरी आले. मी तराजू पुढे केला, तर त्यांनी तो नुसता पिशवीत घातला. परत तोललं नाही. सरळ पहिली फळी उचलली आणि कामाला लागले. भिंतींच्या कडेनं बोटभर जागा सोडली, पावसाळ्यात लाकूड फुगलं तर त्याला सरकता यावं म्हणून. त्या जमिनीत अजूनही फट नाही. पण मला ती जमीन आवडते ती त्यांनी परत न तोललेल्या त्या तुकड्यामुळे.

पाचव्या दिवशी पुरुषांची जेवणं झाल्यावर आत्याबाई भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या. तळवा फळीवर फिरवला. मी त्यांचं ताट आणून ठेवलं आणि चुलीकडे वळले.

"तुजं ताट कुठं हाय?"

"मी जेवीन की मागनं, चुलीपाशी."

"आन हितंच," त्या म्हणाल्या. "सव्वा वरीस एकटीनं जेवले म्या. गुडघ्याचं काय, ते बाजंवरबी दुखत हुते."

मी माझं ताट आणलं.