कानाला न पोचलेला हात

हावा आजीला मुलं सांभाळायला कुणी सांगितलं नव्हतं. बायका कसाव्याच्या कंदांच्या शेतात गेल्या की ती काजूच्या झाडाखाली चटई अंथरायची आणि गावातली पोरं आपोआप गोळा व्हायची. पैसे मिळायचे नाहीत. रोज काय घडेल याचा नेमही नसायचा. एकदा एक पोरगा पाठीला तान्ही बहीण बांधून आला आणि तिला चटईवर ठेवून खेळायला पळाला. एकदा कुणीतरी पेजेच्या भांड्यात सरडा पोहायला सोडला. आजीने सरडा बाहेर काढला, त्याला धुतलं आणि पेज वाढली.

आमच्याकडे नातवांच्या वयाची पोरं थट्टेने आजीला बायको म्हणतात.

"बायको, पेज झाली का?"

"आधी नाक पुसा, नवरोबा."

त्या जानेवारीत आजीच्या डोक्यात एकच विषय होता, झेना. झेनाची आई वारली होती आणि मामा तिला पोसत होता. त्याने सांगून टाकलं होतं, "मागच्या वर्षी शाळेने परत पाठवली. यंदाही घेतली नाही, तर दार-ए-सलामला एका घरी बाळ सांभाळायला देतो."

जन्माचा दाखला गावात कुणाकडेच नव्हता. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लागला, की मूल शाळेत घ्यायचं, अशी पद्धत. झेना वयाने बसत होती, पण चणीने बारीक. हात लांबावा म्हणून आजीने तिला काजूच्या फांदीला लोंबकळायला लावलं. तिचं बघून सगळीच पोरं लोंबकळायला लागली आणि फांदी मोडली. आजीने दुसरी फांदी दाखवली. केसांची जाडी तरी कमी होईल म्हणून झेनाचं डोकंही भादरलं.

नाव घालायच्या दिवशी शाळेसमोर रांग लागली. हेडमास्तर मासांजा प्रत्येकाचा हात बघत होते. झेनाची बोटं कानाच्या वरच अडली.

"मान सरळ ठेव," ते म्हणाले. "नाही पोचत. पुढच्या वर्षी."

तिच्यामागे आजीच्या चटईवरचा शोमारी नुसता गंमत बघायला उभा होता. तो तिच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याने सहज हात नेला, तो कानाखाली पोचला. त्याचं नाव लागलं. त्याने तिथेच भोकाड पसरलं.

मामाने झेनाचं मनगट धरलं.

हावा आजी शाळेच्या अंगणातल्या झाडाकडे गेली. तिथे ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग टांगलेली होती. तीच शाळेची घंटा. आजीने ती वाजवायची सळई काढून कमरेच्या कापडात खोचली.

हे करायची तिला मुभा होती. ती झारामो, हेडमास्तर न्यामवेझी, आणि या दोन जमातींत आजोबा-पणजोबांपासून थट्टेचं नातं आहे. एकाने दुसऱ्याला वाटेल ते बोलावं, त्याची वस्तू पळवावी, सोडवायला काहीतरी मागावं. दुसऱ्याने चिडायचं नाही. मात्र मागायचं ते हसून देता येईल एवढंच. एखादी कोंबडी, मूठभर साखर.

"अगं चोरटे, शाळा कशी भरवू?" हेडमास्तर हसत म्हणाले.

"डोक्यावर ओझी वाहून तुझ्या हमाल आजोबाची मान बसली होती. तुझा गळा तर शाबूत आहे, बोंब मारून भरव."

"आणि तुझा आजोबा नारळ पडायची वाट बघत झोपलेला असायचा. बोल, काय देऊ? कोंबडी?"

"झेनाला आत घे."

रांगेतलं हसणं थांबलं. हेडमास्तरांनी नावं लिहायचं पेन खाली ठेवलं.

"आजी, कोंबडी माग."

"कोंबड्या आहेत माझ्याकडे."

"ही थट्टा नाही झाली."

"मग चीड ना."

चिडता येत नव्हतं. थट्टेत चिडलेला न्यामवेझी ही गोष्ट सबंध भागात फिरली असती. त्यांनी झेनाकडे पाहिलं, मग रडणाऱ्या शोमारीकडे.

"घेतो," ते म्हणाले. "पण हिचा हात कानाला लागेपर्यंत तू रोज वर्गात हिच्याशेजारी बसायचंस. आणि त्या रडक्यालाही तूच गप्प करायचंस. मला वेळ नाही."

"माझी बाकीची पोरं?"

"ती कुठे राहणार आहेत? येतीलच तुझ्यामागे. ओसरीवर बसव."

आजीने सळई त्यांच्या हातात दिली नाही. झाडापाशी जाऊन स्वतःच घंटा बडवून शाळा भरवली. मग मामाच्या हातून सोडवून एका हाताला झेना, दुसऱ्या हाताला शोमारी धरून ती पहिलीच्या वर्गात शिरली. मामा एकटाच फाटकातून बाहेर पडून शेताकडे निघाला.