धाकटीच्या डोळ्यावरची पट्टी
चिकटपट्टीचा वास आला की मला म्हशाची जत्रा आठवते. धाकटी बहीण तेव्हा सहा वर्षांची होती. तिचा डावा डोळा अधू होता. तो लहानपणीच बघायला शिकेल, नंतर नाही, म्हणून डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायला सांगितली होती. जत्रेत माझ्या वर्गातल्या मुली तिला हसल्या, तशी मी पट्टी ओढून काढली. "आईला सांगू नको गो." "नाय सांगणार," म्हणत ती खुशीत आकाशपाळणा बघू लागली. मग घराबाहेर पडलो की मी रोजच पट्टी काढायचे. ती पंधराची झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता उशीर झाला. पट्टी लावत होतात ना?" आईने तिच्याकडे पाहिलं. "मीच काढायची," ती म्हणाली. मी शेजारीच बसले होते. आई अजून तिलाच बोल लावते, आणि मी अजून गप्प आहे.