हात खाले शे

आपल्या मासिकातले हे असले अनुभव मी आजवर जेवणानंतर, डोळा लागेपर्यंत वाचायचे म्हणून वाचत आलो. विश्वास कधी ठेवला नाही. मी वीज शिकवणारा माणूस. जे मोजता येतं ते मानावं, बाकीचं सोडून द्यावं, अशी सवय. हे मात्र सोडून देता आलेलं नाही... म्हणून लिहितो.

ठिकाण धुळे, काळ युद्धाचा. तिथल्या एका उद्योगशाळेच्या विद्युत शाखेत आम्ही दोघे मास्तर – मी आणि पाध्ये. वीज रोखायला तारेवर गुंडाळायचा परदेशी कागद मिळेनासा झाला होता. तेव्हा एका विद्यापीठाच्या विद्युत विभागाने आमच्यावर काम सोपवलं: केळीच्या खोडाच्या धाग्यापासून कागद करायचा, कॉइलला गुंडाळायचा, आणि दोन हजार व्होल्टला मिनिटभर टिकतो का पाहायचं. धागा असोद्याहून यायचा. टिकत नव्हता. वीस-तीस सेकंद गेले की चट्ट आवाज, जळक्या सुतळीचा वास... की पुन्हा नवी कॉइल. अख्खा उन्हाळा यात गेला.

दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र. मी एरंडोलचा, अहिराणी माझ्या घरची. पाध्ये रत्नागिरीकडचे. भरीत खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि विद्यार्थी टपलेले असायचे.

"मास्तर, भरीत कसं शे?"

"छान आहे."

"आहे नही मास्तर, शे म्हना, शे!"

"नको रे बाबांनो, त्या शब्दाला आमची जीभ वळत नाही. आणि आता तर ती जागेवरही नाही, तुमच्या मिरचीने गेली!"

सगळे हसायचे. पण 'शे' पाध्यांनी कधी म्हटलं नाही. गमतीतसुद्धा नाही.

आता चाचणीची पद्धत सांगतो. लोखंडी जाळी मिळत नव्हती, म्हणून टेबल आणि स्विच यांच्या मध्ये आम्ही लाकडी फळ्यांची आडभिंत केली होती. स्विचवरच्याला टेबल दिसायचं नाही. त्यामुळे नियम असा – स्विचवरच्याने विचारायचं, "हात?" टेबलावरच्याने दोन्ही हात वर करून म्हणायचं, "वर!" मगच स्विच. दिवसभर हाच जप. शेवटी शेवटी आम्ही ते शब्द पेंगत म्हणायचो.

त्या दुपारी विद्यार्थी सुट्टीवर गेले होते. आम्ही दोघेच खोलीत, आणि बाहेर शेडमध्ये दगडू मिस्तरी वीज पुरवणाऱ्या इंजिनावर. उकाडा असा की स्विचच्या पितळी मुठीला फडकं गुंडाळून हात लावावा लागे. पाध्ये कॉइल जोडायला आडभिंतीपलीकडे गेले. मी मुठीवर हात ठेवून म्हणालो, "हात?"

"खाले शे."

मला हसू आलं. एवढ्या दिवसांनी मास्तरांची जीभ वळली तर! म्हटलं, "शाब्बास! आता वर करा, म्हणजे आटपून घरी जाऊ."

मुठीवरचं फडकं नीट केलं. मी पुन्हा विचारलं, "हात?"

"हात खाले शे."

आवाज पाध्यांचाच, तसाच जरासा नाकातला. मला राग आला. थट्टेची ही वेळ नव्हे, असं सुनावायला मी मूठ सोडून पलीकडे गेलो.

पाध्ये स्टुलावर होते. डोकं टेबलावर पडलेलं, उजवा हात थेट कॉइलच्या उघड्या टोकावर. शुद्ध नाही. मी शेडमध्ये धावत जाऊन दगडूला आणलं, आम्ही त्यांना खाली निजवलं. दातखीळ अशी बसली होती की दगडूने चमचा घालून दात सोडवले, तेव्हा कुठे पाणी पोटात गेलं.

त्या दातांतून 'शे' कसं निघालं?

दगडूला विचारलं, तूच तर बोलला नाहीस?

"मी कथाइन बोलसू, नाना? इंजिनपुढे मन्हंच माले ऐकू येत नही."

तो कुठून बोलणार! इंजिनापुढे स्वतःचंच ऐकू येत नाही, हे खरंच होतं. पुढे मी इंजिन चालू ठेवून त्याला शेडमधून ओरडायला लावलं. खोलीत अक्षरही पोचलं नाही. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. आणि मला म्हणाले, थकव्यात कानाला भास होतात. असतील. पण थकलेल्या कानाला हवं तेच ऐकू यावं ना? मला 'वर' हवं होतं. ते ऐकू आलं असतं तर मी स्विच दाबला असता.

पाध्यांना काही आठवत नाही. फळ्या पाहताना डोळ्यांपुढे अंधार आला, एवढंच ते सांगतात. ते पुन्हा कामावर आले, आम्ही पुन्हा कॉइली जाळल्या, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी 'कागद निरुपयोगी' असं कळवून मोकळे झालो.

मध्ये एकदा पाध्यांच्या पत्नी आमच्या घरी आल्या. ताटात नारळ, खण, हळदकुंकू. आमच्या सौ.ला वाटलं, तिची ओटी भरायला आल्या. पण त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही ऐकलंत. तुम्हीच सांगा, हे कुठे ठेवू? कोणाचं देणं लागतो आम्ही?"

मी म्हणालो, "वहिनी, मला खरंच माहीत नाही."

नारळ तसाच ताटात घेऊन त्या उन्हातून घरी गेल्या. आज कोणी विचारलं तरी माझं उत्तर तेच आहे.