हद्दीचा दगड

“दगड जिथे, तिथे हद्द. जन्मभर तूच सांगत आलास, नेड.”

“अगं, पण तो मी ओढून आणलाय, बेरिल. चालत नाही आला.”

“ते काही दगडावर लिहिलेलं नाही.”

बेरिल ही नेड थर्कटलची मेव्हणी, शिवाय आमच्या स्कार्थबीच्या चर्चची कारभारीण. नेडच्या स्वयंपाकघरात बसून ती हे बोलत होती. खिडकीबाहेर थोडं गवत, मग कडा, मग नुसता समुद्र.

दर वसंतात आम्ही गावकरी विलोच्या झाडाच्या काठ्या घेऊन गावाच्या हद्दीवरून चालतो आणि प्रत्येक दगडाला बडवतो. नेड लहान असताना त्याचं डोकं यातल्याच समुद्राकडच्या दगडावर आपटलं होतं, हद्द कुठे ते कायमचं ध्यानात राहावं म्हणून. राहिलं. ज्या शेतात तो नांगर धरायला शिकला ते समुद्राने खाल्लं, मग रस्ता, मग शेजारपाजार. गेल्या हिवाळ्यात कडा दगडाला भिडला, तेव्हा नेडने ट्रॅक्टरला साखळी लावून दगड खेचून आणला आणि घरामागे फाटकाशी पुरला. यंदा सगळ्यांनी तिथेच काठ्या बडवल्या. पहिली नेडची. आपलं घर आता दगडाच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला गेलंय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. चर्चच्या समितीच्या आलं.

वर टेकाडावरच्या दफनभूमीत जागा थोड्याच उरल्यात, त्याही हद्दीतल्यांपुरत्या. त्याची बायको आयव्ही तिथे आहे. तिच्या शेजारी अजून कुणी नाही.

“घर पडलं की तू शहरातच जाणार,” बेरिल म्हणाली. “म्हणजे तसाही बाहेरचाच.”

“मी नाही जायचा कुठे.”

“नको जाऊस. कडाच येतोय तुझ्याकडे.”

नेडने तिच्यासमोर चहा ठेवला.

“दगड परत नेऊन ठेवतो.”

“कुठे? पाण्यात?”

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

“बेरिल, तुझी बहीण आहे ती. अंधाराला भ्यायची. मी येईन शेजारी, असं सांगून ठेवलंय मी तिला.”

“समितीचा ठराव आहे, नेड. माझा नाही.”

“बरं. मग तू हात वर केलास की नाही, तेवढं सांग.”

बेरिलने चहाला हात लावला नाही. कोटाची बटणं लावली, कोपऱ्यातली आपली काठी उचलली, आणि फाटकाशी दगडाला वळसा घालून टेकाडाच्या वाटेला लागली.